शाळा म्हणते कार्ड आणा, सासरे म्हणतात कायदा दाखवा: लशीची सक्ती आहे तरी का?

सानिका_पुणे:

नमस्कार मंडळी. मुलाला जूनपासून ज्युनिअर केजीत घालायचंय. शाळेने फॉर्मसोबत कागदपत्रांची यादी दिली आहे. जन्मदाखला, आधार, फोटो आणि शेवटी "लसीकरण कार्ड (पूर्ण), अनिवार्य". त्या कंसातल्या "पूर्ण"वरून आमच्या घरात सध्या रोज वाजतंय.

आमचं कार्ड पूर्ण नाही. नवव्या महिन्यापर्यंत सगळं वेळेवर झालं. पंधराव्या महिन्याच्या एमएमआरच्या (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) वेळी त्याला सर्दी होती, म्हणून तो पुढे ढकलला. अठराव्या महिन्यात डीपीटीचा (घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस) बूस्टर दिला आणि त्याच रात्री ताप चढून त्याला झटका आला. डोळे वर, दात घट्ट, हातपाय ताठ. दोनेक मिनिटांत थांबलं असेल. रात्रभर दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले तापातली आकडी आहे, यातून मागे काही राहत नाही. राहिलंही नाही, पोरगा आता घर डोक्यावर घेतो. पण तेव्हापासून एमएमआरचा विषय निघाला की सासूबाई देवासमोर जाऊन बसतात आणि मीही गप्प होते. असं करत करत दोन वर्षं गेली.

सासरे बँकेतून रिटायर झालेत. ते म्हणतात, "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, लस कुणावर लादता येत नाही. शाळेला म्हणावं कायदा दाखवा." नवरा म्हणतो, ओळखीच्या डॉक्टरकडून कार्डावर शिक्का मारून आणू, कशाला वाद. मला दोन्ही पटत नाही. पण पोराला परत त्या टेबलावर झोपवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, हेही खरं.

कायद्याने सक्ती आहे का? नसेल तर शाळा अशी अट घालू शकते का? आणि एकदा झटका आलेल्या मुलाला पुढची लस देतात का? "आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लशी" हे कृपया सांगू नका, ते घरात फुकट ऐकायला मिळतं.


तारीख_पे_तारीख (वकील, ठाणे):

सासरेबुवांना नमस्कार सांगा आणि निकाल शेवटपर्यंत वाचायला सांगा. २ मे २०२२ चा निकाल आहे, जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार. याचिकाकर्ते स्वतः बालरोगतज्ज्ञ आणि विषय कोविडची लस. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये स्वतःच्या शरीरावरचा अधिकार येतो, त्यामुळे जबरदस्तीने कुणाला लस टोचता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. सासरे इथपर्यंत वाचून थांबलेले दिसतात. पुढे असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. फक्त तेव्हाची परिस्थिती बघता लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध न्यायालयाला प्रमाणात वाटले नाहीत. निर्बंध घालायचा अधिकारच नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत याहून जवळचं प्रकरण दिल्लीचं. तिथल्या सरकारने गोवर-रुबेला मोहिमेत पालकांच्या संमतीची गरज नाही असं ठरवून शाळांमध्ये लस द्यायचं काढलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते अडवलं. आधी पालकांना नीट माहिती द्या, मग संमती घ्या, असं सांगितलं.

बालकांच्या लसीकरणाची सक्ती करणारा, देशभर लागू असा कायदा आज आपल्याकडे नाही. इंग्रजांनी १८८० मध्ये केला होता, देवीच्या लशीपुरता, नगरपालिका आणि छावण्यांसाठी. मूल टोचून न आणणाऱ्या आईबापांना त्यात दंड होता. तुमच्या शाळेच्या अटीविरुद्ध भांडता येईल. पण ज्याला जूनमध्ये प्रवेश हवाय तो माणूस उच्च न्यायालयात जात नाही. शाळेला लेखी विचारा, राहिलेला डोस आता घेऊन पावती जोडली तर चालेल का.

शिक्क्याच्या भानगडीत मात्र पडू नका. खोटा कागद हा गुन्हा आहे. तुमच्याबरोबर तो ओळखीचा डॉक्टरही त्यात जाईल.


सिस्टर_नाशिक:

ताई, मी नाशिक जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम (आरोग्यसेविका) होते, आता रिटायर आहे. गावात मला नावाने कुणी हाक मारली नाही, सिस्टरच. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला तो बरोबरच असणार. माझं म्हणणं जरा वेगळं आहे.

सक्ती हवी की नको यावर टीव्हीवर भांडणारे लोक बघते ना, तेव्हा वाटतं यांना एक दिवस माझ्याबरोबर लसीकरणाच्या सेशनला बसवायला हवं होतं. राहून गेलेल्या पोरांच्या घरी बहुतेक वेळा कुणी नकार दिलेलाच नसतो. माझ्या ड्यू लिस्टमध्ये (डोस बाकी असलेल्यांच्या यादीत) राहिलेली पोरं कोणाची असायची? ऊसतोडीला गेलेल्यांची. वीटभट्टीवरची. द्राक्षबागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्यांची. बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई सासरी परत येते आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहतं. बाळाला नववा महिना लागतो तेव्हा आई कोल्हापूरकडे फडात असते. तिथल्या सिस्टरच्या यादीत ती नाही. माझ्या यादीत आहे, पण गावात नाही. आता करा कायदा. दंड कुणाला लावणार, तिच्या मुकादमाला? (लावला तर माझी हरकत नाही.)

अजून एक सांगते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते. सोबत तिचंच पाणी असतं, त्याच कंपनीचं, तेही थंड करून आणायचं. दोन्ही मिसळलं की बाटलीवर वेळ लिहायची. चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची, उद्यासाठी ठेवायची नाही. एका बाटलीत डोस अनेक. आता समजा सकाळी एक बाई एकटीच आली, पाड्यावरून चालत, पोर कडेवर. बाटली फोडायची का? नियम सांगतो, एक पोर असलं तरी फोडा. पण वाया गेलेल्या डोसचा हिशेब मीटिंगमध्ये विचारतात आणि परत गेलेल्या पोराचा विचारत नाहीत. म्हणून कोणी कोणी सांगायचं, "पुढच्या बुधवारी ये, चार पोरं जमू दे." ती पुढच्या बुधवारी येत नाही, तिची मजुरी बुडते. रजिस्टरला मात्र ती ड्रॉपआउट. मी फोडायचे. त्यावरून बोलणीही खाल्लीत.

आता नकार देणाऱ्यांचं. २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं, सगळ्यांना, आधी घेतलेली असो नसो. शाळाशाळांतून होती. आमच्याकडे त्याच्या आधीच मोबाईलवर व्हिडिओ पोचले होते, ही सुई घेतली की पोरांना पुढे मूलबाळ होत नाही म्हणून. एका शाळेत आम्ही टेबल मांडलं, बर्फाचे पॅक लावले, आणि मागच्या फाटकातून आया पोरं घेऊन निघाल्या. एकीने तर वर्गात घुसून पोरीला ओढत नेलं, दप्तर बाकावरच राहिलं. हेडमास्तर मला विचारतात, "सिस्टर, फाटकाला कुलूप लावू का?" मी म्हटलं, अजिबात लावू नका. कुलूप लावून त्या दिवसाचा आकडा झाला असता. पुढच्या महिन्यात त्याच घरात बाळाचा पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) घेऊन मला जायचं होतं, तेव्हा दार कुणी उघडलं असतं?

दुसऱ्या दिवसापासून आशाताई आणि मी घरोघर गेलो. मला वाटलं होतं व्हिडिओवर वाद घालावा लागेल. व्हिडिओचं दोन-चार जणींनी विचारलं. बाकीच्यांचा प्रश्न एकच, "रात्री ताप आला तर जायचं कुठं?" धाकट्याच्या वेळी ताप आला होता, रात्रभर मांडीवर घेऊन बसले, सकाळी दवाखान्यात गेले तर म्हणाले एवढ्यासाठी कशाला आलात. असं ज्यांना ऐकावं लागलंय त्यांनी परत पोर पुढे का करावं? मी माझा नंबर कार्डाच्या मागे लिहून द्यायचे. फोन यायचे, रात्री एकलाही यायचे. बहुतेक वेळा मी एवढंच विचारायचे, अंगातले कपडे काढले का, पाजतेय का, पॅरासिटामॉल किती दिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पोर बघून यायचे. सानिकाताई, तुमच्या घरी त्या झटक्यानंतर दुसऱ्या दिवशी कुणी आलं होतं का? फोन तरी? नसेल आला, तर तुमच्या पोटातला गोळा मला कळतो.

म्हणून माझं मत असं की सक्ती करायची तर सरकारने आधी रात्रीचा फोन उचलावा. मग काय तो कायदा करा.

पण याचा अर्थ लस नको असा कुणी काढू नका हां. २०२२ च्या शेवटाला गोवंडी, भिवंडी आणि मालेगावला गोवर उठला तो आठवतो ना? कोविडमध्ये सेशन चुकले, पोरं राहिली, आणि गोवराने ती बरोबर शोधून काढली. उद्रेकाच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्यांना एक जादा डोस, आणि जिथे फार लहान बाळांना होत होता तिथे सहा महिन्यांच्या बाळालासुद्धा, असा तेव्हा हुकूम आला. मी गोवराची पोरं जवळून बघितलीत. डोळे लाल, चिकटलेले, उजेडाकडे बघवत नाही. नाक वाहतंय, कोरडा खोकला. तोंडात टॉर्च मारला तर गालाच्या आतून मीठ सांडल्यासारखे पांढरे कण. मग कानामागून पुरळ सुरू होतं आणि अंगभर उतरतं. घरचे उशाला कडुलिंबाचा पाला ठेवतात, अंगावर फुलू द्या म्हणतात, औषध द्यायचं नाही म्हणतात. पुरळ ओसरतं, सगळ्यांना वाटतं सुटलो, आणि तेव्हा छाती भरते. पोटाला हात लावून बघा, श्वासाबरोबर बरगड्या आत जातात. व्हिटॅमिन ए चे दोन डोस दोन दिवस द्यायचे, आणि गाडी बोलवायची.

आणि ताई, सर्दी हे लस पुढे ढकलायचं कारण नाही. साधी सर्दी असेल तर देतात. हे निम्म्या दवाखान्यांत सांगत नाहीत.


रोखठोक (मुंबई):

सिस्टर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर. माझ्या दोन्ही मुलींच्या सगळ्या लशी झाल्यात, त्यामुळे मला लसविरोधक म्हणू नये. पण सक्तीची भाषा करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: नुकसान झालं तर भरपाई कोण देणार?

गंभीर परिणाम फार क्वचित होतात हे मान्य. पण ज्या घरात होतो त्या घरात तो क्वचित नसतो. ब्रिटनने १९७९ मध्ये यासाठी कायदा करून ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला, तिथे डॉक्टरची किंवा कंपनीची चूक सिद्ध न करताही पैसे मिळू शकतात. आपल्याकडे असं काहीच नाही. लशीनंतर काही झालं की समिती बसते, घटनेचं वर्गीकरण होतं, "योगायोग" असा शेरा येतो. असेलही योगायोग. पण आईबापांनी तो कागद घेऊन जायचं कुठे? ग्राहक मंचात?

मुलगी माझी, सक्ती तुमची, जोखीम परत माझी. हे जमणार नाही.


सिस्टर_नाशिक:

रोखठोक साहेब, यात मला काही खोडायचं नाही. वर्गीकरणाचे फॉर्म मी भरलेत. ते पुढे गेल्यावर त्यांचं काय झालं, हे त्या आईला सांगायची वेळ आली की माझ्याकडे सांगायला काही नसायचं.


बालरोग_कोल्हापूर:

ओपीडी संपवून लिहितोय. सानिका, आधी तुमचा तिसरा प्रश्न, तोच महत्त्वाचा आहे.

तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी येतेच, लस असो, सर्दीचा ताप असो, की कानाचं दुखणं. साध्या तापातल्या आकडीमुळे एमएमआर किंवा एमआर (नुसती गोवर-रुबेलाची) थांबवत नाहीत. ज्यांना खरोखर देता येत नाही ती मुलं वेगळी: आधीच्या डोसला जीवघेणी ॲलर्जी आलेली, किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली, उदाहरणार्थ केमोथेरपी सुरू असलेली. तुमचा मुलगा यात बसत नाही. तरी त्याला तपासलेल्या डॉक्टरांना ती रात्र नीट सांगा. झटका किती वेळ होता, एका बाजूला होता की दोन्ही, हे विचारतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डीपीटीचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. एमएमआरचा ताप आलाच तर साधारण आठवड्याने, सात ते बारा दिवसांत येतो. त्यामुळे पहिली रात्र जागून काढू नका. पुढचा आठवडा थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल जवळ असू द्या. एमएमआरमुळे तापातली आकडी साधारण तीन-चार हजार डोसमागे एक अशी येते. गोवर झालेल्या हजार मुलांत एकाच्या मेंदूला सूज येते. शिवाय एसएसपीई नावाचा प्रकार आहे, गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी शाळेत जाणारं मूल हळूहळू सगळं विसरत जातं. त्यावर बरं करणारा उपाय नाही. आपल्या देशात तो अजून दिसतो. मी पाहिलाय. त्यावर इथे जास्त लिहिणार नाही.

आणि दुसरा डोस म्हणजे जादा डोस नव्हे. नवव्या महिन्यातली लस सगळ्या मुलांना लागू पडत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तेव्हा काही प्रमाणात शिल्लक असते. शंभरातली पंधराएक मुलं निसटतात. तुमचा मुलगा त्यातला आहे की नाही हे बघून कळत नाही.

एमएमआरमुळे ऑटिझम होतो, हे अजून कुणी काढलं नाही, पण निघेल. तो १९९८ चा १२ मुलांवरचा लेख होता. २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला आणि लेखकाचा डॉक्टरकीचा परवाना गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कने साडेसहा लाख मुलांची माहिती तपासली, संबंध सापडला नाही. माझ्यापुरता विषय संपला.

सक्तीबद्दल मी सिस्टरांपेक्षा थोडा कडक आहे. कारण सामोआ. पॅसिफिकमधला छोटा देश, लोकसंख्या दोन लाख. जुलै २०१८ मध्ये तिथे एमएमआर दिल्यावर दोन बाळं काही मिनिटांत गेली. लशीत काही नव्हतं. परिचारिकांनी पावडरमध्ये तिच्या पाण्याऐवजी मुदत संपलेलं भुलीचं औषध मिसळलं होतं. सिस्टरांनी वर ते "तिचंच पाणी" लिहिलंय ना, ते यासाठी. सरकारने लसीकरण काही महिने बंद ठेवलं. लोकांचा विश्वास गेला, तो लस परत सुरू झाल्यावरही आला नाही. २०१९ च्या शेवटी गोवर शिरला आणि ८३ माणसं गेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. दोन लाखांत ८३. मग सक्ती आली. डिसेंबरात दोन दिवस सगळी कार्यालयं आणि दुकानं बंद ठेवली. ज्या घरात कुणाची लस राहिलीय त्यांनी दाराबाहेर लाल फडकं लावायचं, आणि पथकं फडकं बघत गल्लीगल्लीतून फिरली.

ती सक्ती मला चुकीची वाटत नाही. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना देतो, पंचाण्णव टक्के मुलं झाकली गेली नाहीत तर तो फट शोधतोच. केमोवरचं मूल शेजारच्या मुलाच्या लशीवर जगत असतं.


सिस्टर_नाशिक:

डॉक्टर, लाल फडकं लोकांनी स्वतः लावलं ना? म्हणजे या, आमच्याकडे या, असं सांगायला. याला सक्ती म्हणायचं का, तुम्हीच बघा.


बालरोग_कोल्हापूर:

मुद्दा आहे. पण कायद्याने सक्तीची केलीच होती, आणि लोकांना लस घेऊ नका म्हणून सांगणाऱ्या एकाला अटकही झाली. दोन्ही एकदम होतं.


अण्णा_सातारा:

माझं वय झालंय, टायपिंग सावकाश. १९७५ च्या सुमाराला आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा. तेव्हाचे हजार. आम्ही पोरं तोंडावर वण असलेला माणूस दिसला की त्याच्या मागे जायचो, पण जुने वण चालत नसत. सरकारने इथे दंड न लावता बक्षीस लावलं आणि देवी गेली. अर्थात बिहारकडे रात्री घरात शिरून टोचल्याच्याही हकिकती आहेत, त्याही खऱ्या. डॉक्टर म्हणतात तसं, दोन्ही एकदम.


मानसी_श्टुटगार्ट:

आमच्याकडे जर्मनीत सक्ती आहे, म्हणून लिहिते. १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा. मूल एक वर्षाचं झालं की गोवराचा एक डोस, दोन वर्षांचं झालं की दोन, हे दाखवल्याशिवाय किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, प्रवेश नाही. लस नसेल तर रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसली पाहिजे, किंवा देता येत नाही असं डॉक्टरचं पत्र. शाळेचं गंमतशीर आहे. इथे शिक्षण सक्तीचं, त्यामुळे शाळेतून मुलाला काढता येत नाही, मग आईबापांना अडीच हजार युरोपर्यंत दंड. दोन सक्त्या एकमेकींत अडकल्या की असं होतं.

मुलीचं कार्ड नागपूरचं. पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा पंधराव्यात, डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगळे. इथल्या डॉक्टरबाईंनी भिंग घेतल्यासारखं निरखलं, तारखा पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवल्या, सही केली, झालं. अडचण माझी झाली. मला किटामध्ये मदतनीस म्हणून काम मिळत होतं आणि १९७० नंतर जन्मलेल्या कर्मचाऱ्यांनाही पुरावा लागतो. माझं लहानपणीचं कार्ड? आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला गोवर झाला होता, चांगला आठवतो, परीक्षा बुडाली होती." ही आठवण सरकारी कागद नव्हे. रक्त दिलं, प्रतिकारशक्ती निघाली, नोकरी लागली.

वरती ऊसतोडीचं वाचलं आणि मला इथलं उलटं दिसलं. इथे लस टाळणारे माझ्या शेजारी आहेत, शिकलेले, सेंद्रिय भाजी घेणारे, गोवराने मूल कणखर होतं असं मानणारे. त्यांच्या दारात कुणी आशाताई गेली तरी ते तिला चहा पाजून परत पाठवतील. त्यांच्यावर कायद्याचाच उपयोग झाला, तोही सगळ्यांवर नाही. दोघीजणी किटाची जागा जाईल म्हणून मुकाट्याने घेऊन आल्या. एकीने मूल घरीच ठेवलं. काही पालक घटनापीठापर्यंत गेले. त्यांचा एक आक्षेप असा की इथे नुसत्या गोवराची लस मिळतच नाही, गालगुंड आणि रुबेला सोबत घ्यावेच लागतात. २०२२ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

त्यामुळे सिस्टर, तुमचं तुमच्या तालुक्यात शंभर टक्के खरं. माझ्या गल्लीत मात्र दंडच लागतो.


सिस्टर_नाशिक:

मानसीताई, पटलं. पुण्या-मुंबईतही तुमच्या गल्लीसारख्या सोसायट्या झाल्यात म्हणतात. तिकडची सिस्टर मी नव्हते, बरंच झालं.


सानिका_पुणे:

सगळ्यांचे आभार. हा धागा घरात वाचून दाखवला. सासऱ्यांनी वकीलसाहेबांचा भाग परत वाचायला लावला, जरा वेळ गप्प बसले, आणि मग "पण भरपाईचं काय?" म्हणून रोखठोक यांच्या बाजूला गेले. नवऱ्याचा शिक्का रद्द. सिस्टर, तुम्ही विचारलंत, कुणी आलं होतं का. नाही. डिस्चार्जच्या कागदावर नंबर होता, तो दुपारी चारनंतर लागत नव्हता.

शाळेला मेल केली. डोस घेऊन कार्डाची प्रत द्या, चालेल, असं उत्तर आलं. आता शेवटचं विचारते. सरकारी केंद्रात घेऊ की खासगीत? खासगीत एमएमआर सांगताहेत, सरकारीत एमआर. फरक पडतो का? वय चारच्या जवळ गेलंय, सरकारीत देतील का?


सिस्टर_नाशिक:

देतात, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत एमआर देतात, फुकट. एमएमआरमध्ये गालगुंडाची जास्तीची असते, ती सरकारीत नाही. खिशाला झेपत असेल तर खासगीत घ्या, नाही तर सरकारीत बिनधास्त घ्या. गोवराला दोन्ही सारख्या. सकाळी लवकर जा. तुमच्यासमोर बाटली फोडतात का बघा, फोडलेली असेल तर वर वेळ लिहिलीय का विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावली तर रागावू द्या. सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, पोराला भूक लागेल, काहीतरी खायला न्या. झटक्याचं आधीच सांगा. कार्डावर तारीख आणि बॅच नंबर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. यू-विनवर (सरकारच्या लसीकरण पोर्टलवर) नोंद केली का तेही विचारा, म्हणजे कार्ड हरवलं तरी मोबाईलवर निघतं.

आणि पाच पूर्ण झाली की डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, तो लिहून ठेवा. त्या वेळी शाळा कार्ड मागणार नाही, प्रवेश झालेला असतो.